कंबरपट्टा लागतो का बघ

चार बोटं

सकाळी डोळे उघडले की चंताला म्हातारी अंथरुणावर बसल्या बसल्या दोन्ही हात वर करते, आणि तिची मुलगी मालिवन तिच्या पोटाभोवती चांदीचा कंबरपट्टा फिरवते.

"लागतो का बघ."

"श्वास सोड."

"सोडला."

"सगळा सोड ना, आई."

"सगळा सोडला तर शेजाऱ्यांना बोलवायला पळावं लागेल तुला. बघ गुपचूप."

नाही लागत. आकडा आणि कडी यांच्यामध्ये मालिवनची चार बोटं आडवी, आरामात मावतात. काल तीन मावत होती.

पोट मोजायला सांगितलं होतं दवाखान्यातल्या विएंगखाम सिस्टरने. रोज सकाळी, खाण्याआधी, बेंबीवरून. घरात मोजपट्टी सापडेना, तेव्हा चंतालानेच उशाखालून पट्टा काढला. "हा घे. माझ्या आईने वापरला, मग मी. ह्याला ठाऊक आहे पोट केवढं असावं ते." बेंबी चुकायची भीती नव्हतीच. आतल्या पाण्याने ती बाहेर ढकलली जाऊन सदऱ्याच्या बटणासारखी उभी राहिली होती.

पट्ट्याचं आणखी एक काम होतं. एप्रिलमधलं नवीन वर्ष जवळ येत होतं. त्या सकाळी विहारात बुद्धाच्या मूर्तीवर पाणी घालायचं, तर बाई सिन, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचं हातमागाचं वस्त्र, नेसून जाणार, कमरेपाशी त्याची घडी घट्ट बसवून वर चांदीचा पट्टा लावणार, खांद्यावर शेला घेणार. चंतालाने आयुष्यभर माग चालवला. लाओसातल्या नाम ऊ नदीच्या ह्या काठावरच्या निम्म्या बायका नवीन वर्षाला तिने विणलेली सिन नेसतात. ती स्वतः मात्र पाऊस थांबल्यापासून मेलेल्या नवऱ्याची चौकड्यांची लुंगी पोटावर गाठ मारून फिरते आहे, कारण घरातल्या एकाही सिनची घडी तिच्या पोटाला पुरत नाही.

"लुंगीवर मी बुद्धासमोर जायची नाही," तिने सांगून टाकलं होतं. "पट्टा लागला तर येईन. नाही लागला तर तू एकटी जा, आणि सांग सगळ्यांना, म्हातारी फुगली."


तिने कशाला काय म्हटलं

बिनमिठाच्या वाफवलेल्या माशाला: "मेल्यावर तरी थोडी चव यायची ह्याला."

बिनमिठाच्या उकडलेल्या भोपळ्याला: "डुकरांना आधी विचारलंस का?"

बिनमिठाच्या अंड्याला काहीच नाही. मालिवनकडे नुसतं बघितलं आणि अंडं मांजरीपुढे ठेवलं. मांजरीनेही हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा म्हणाली, "बघ."

हिरव्या पपईच्या कोशिंबिरीला, जिच्यात पादेकचा, म्हणजे मडक्यात वर्षभर मुरवलेल्या मासळीचा, थेंबसुद्धा नव्हता: "माझ्या अंत्यविधीला हे वाढू नकोस हं. लोक उठून जातील."


दवाखान्याच्या व्हरांड्यात

पाणी दोनदा काढून झालं होतं. पोटाच्या बाजूला सुई, सुईला नळी, नळीखाली बादली. बादलीत बिअरच्या रंगाचं पाणी जमताना बघून चंताला म्हणाली होती, "त्या शेजारच्या थोंगसीला बोलवा कोणीतरी. तिला वाटतं मी लाओ-लाओची दारू पिऊन पोट वाढवलं. म्हणावं ये, वास घेऊन बघ."

ती आयुष्यात एक थेंब प्यायली नव्हती. यकृताला खाऊन टाकणारा काविळीचा जंतू तिला जन्मतःच तिच्या आईकडून मिळालेला. आई पण अशीच गेली, पोट भरून. मालिवनने स्वतःचं रक्त तपासून घेतलं होतं. तिच्यात काही नव्हतं.  ते कळलं त्या दिवशी चंताला म्हणाली होती, "बरं झालं. म्हणजे तुला नुसता पट्टाच जाणार."

दुसऱ्यांदा पाणी काढल्यावर डॉक्टरने मालिवनला व्हरांड्यात बोलावलं.

"पुन्हा काढता येईल. पण दर वेळी पाण्याबरोबर ताकदही जाते त्यांची. दंड बघितलेत का?"

मालिवनने बघितले होते. अंघोळ तीच घालत होती. पोट टरारलेलं, पाय फुगून मऊ पडलेले, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा कितीतरी वेळ तसाच राहायचा. आणि दंड मात्र झाडूच्या दांड्यासारखे.

"मीठ बंद, आणि अंडी, मासे, कोंबडी भरपूर. दोन्ही एकदम झालं पाहिजे. खाल्लं नाही तर गोळ्या एकट्या काय करणार?"

"आणि नाहीच खाल्लं तर?"

डॉक्टर तरुण होता. त्याने खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. "खायला घाला," म्हणाला.


एकच वाटी

एक गोष्ट म्हातारी खात होती.

मालिवनची बाजारात गाडी होती. कोंबडीच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया. नावाजलेली गाडी, नदीतून होड्या हाकणारे लोक उतरले की आधी तिच्याकडे यायचे. नवरा सीमेपलीकडे थायलंडात कामाला, तेव्हा घर त्या गाडीवरच चालायचं. आईसाठी तिने वेगळं छोटं पातेलं सुरू केलं होतं. त्यात मीठ नाही, मासळीचं पाणी नाही, सोयाचा थेंब नाही. आणि चमत्कार म्हणजे आई तो रस्सा प्यायची. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक. शेवया टाकून द्यायची, कोंबडी चिवडायची, पण रस्सा वाटी उलटी करून संपवायची.

"ह्याला म्हणतात हात," ती म्हणायची. "मीठ नाही तरी गोडी आहे. माझीच पोरगी."

मालिवनला आयुष्यात आईने दिलेल्या शाबासक्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. ही तिने जपून ठेवली.

पट्टा चार बोटांवरून पुढे सरकला. मग बोटांनी मोजायला नको झालं, मूठ मावायला लागली.


वारा

मग उन्हाळी वादळ आलं आणि गाडीचं छप्पर उचलून नदीत नेऊन टाकलं.

नवे पत्रे येईपर्यंत गाडी बंद. घरी छोटं पातेलं लावायला मालिवनला उसंत नव्हती. सुताराच्या मागे पळ, बांबू आण. आईपुढे ती चिकट भाताची करंडी, केळी आणि निखाऱ्यावर भाजलेली अंडी ठेवून जायची. संध्याकाळी परत आली की शिव्या तयार असायच्या.

"आली! मला वाटलं छपराबरोबर तू पण गेलीस वाहून."

"खाल्लंस का?"

"खाल्लं. उपाशी मरायला पण अंगात जोर लागतो."

आणि सकाळी पट्टा. मूठ मावेना. चार बोटं. मग, छप्पर बसायच्या सकाळी, तीन.

"लागत आला!" चंताला खूश झाली. "आज उघड गाडी. बक्षीस म्हणून दोन वाट्या दे."

मालिवनने दोन वाट्या दिल्या. रोज दिल्या. आणि पट्टा पुन्हा उघडत गेला. तीन, चार, मूठ. गोळ्या त्याच, वेळा त्याच, मीठ तसंच बंद.


चमचा

गाडीवर गर्दीची वेळ. मालिवनचा डावा हात शेवया उकळत्या पाण्यात बुडवतोय, उजवा वाट्या मांडतोय. वाटीत कांद्याची पात, वाटीत तळलेला लसूण, वाटीत पेंग नुआ, म्हणजे ती पांढरी, बारीक, सगळ्यांच्या घरात असते ती अजिनोमोटोसारखी गोडी वाढवणारी पूड. एक चमचा. आईच्या वाटीत दोन, कारण मीठ काढलंय, त्याची भरपाई नको का करायला?

चमचा हवेतच राहिला.

"ताई, माझी वाटी," गिऱ्हाईक म्हणालं.

ती पुडीकडे बघत होती. सिस्टरने विचारलं होतं, मीठ? नाही. मासळीचं पाणी? नाही. पादेक? नाही, नाही. पेंग नुआचं नाव कोणी काढलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं, कारण ते कोणी सांगतं का? त्या गावात रस्सा उकळला की त्यात ती पडते, जशी चुलीत लाकडं पडतात. चुलीत लाकडं घालता का, असं कोणी विचारत नाही.

"ताई!"

"घे रे बाबा," ती म्हणाली, आणि आईच्या पातेल्यातला सगळा रस्सा मोरीत ओतून दिला.


सिस्टर

"ह्यात मीठ असतं?" मालिवनने पुडी टेबलावर ठेवली.

विएंगखाम सिस्टरने पुडी उचलली, उलटी केली, पाठीमागचं बारीक छापलेलं वाचलं. मग खुर्चीत मागे टेकली.

"मीठच नाही, पण मिठाचा सख्खा भाऊ आहे. पाणी तसंच धरून ठेवतो." तिने पुडी खाली ठेवली. "किती घालत होतीस?"

"दोन चमचे. वाटीला."

"अगं बाई."

"तू विचारलं नाहीस."

"तू सांगितलं नाहीस." मग सिस्टरने स्वतःचा जेवणाचा डबा हळूच कपाटाच्या मागे सरकवला. "आता ह्यापुढे मी सगळ्यांना विचारेन. आधी मला स्वतःलाच विचारायला लागेल."

मालिवनला हसू आलं आणि रडूही आलं. तिने जपून ठेवलेली शाबासकी त्या पुडीची होती.


काही नाही

पूड गेली तसं आईचं खाणं थांबलं.

रस्सा तोंडात घेतला, पुन्हा वाटीत सोडला. "हे माझ्या पोरीने केलेलं नाही. कोणाकडून आणलंस?" दुसऱ्या दिवशी तोंडच उघडलं नाही. पोटही साफ झालं नव्हतं आणि सारक औषधाची बाटली तिने पलंगाखाली ढकलून दिली होती. संध्याकाळी मालिवन गाडी बंद करून आली तर आई भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही हात पुढे, पंजे झटक्याझटक्याने खाली पडतायत, वर येतायत, धोटा इकडून तिकडे फेकल्यासारखे. समोर माग नव्हता.

"आई, काय करतेयस?"

"काठ संपवतेय. नवीन वर्ष आलं," ती म्हणाली. "तू जेवलीस का, आई?"

मालिवनला ती आई म्हणाली होती.

विएंगखाम सिस्टरने बजावून ठेवलं होतं: पोट साफ झालं नाही की विष डोक्यात चढतं, हात असे फडफडायला लागले, माणूस असं बरळायला लागलं, तर तडक घेऊन ये. मालिवनने शेजारच्याची तीनचाकी काढायला लावली. दवाखान्यात औषध पोटात गेलं, सलाईन लागलं, पोट साफ झालं, पुन्हा झालं. सकाळी चंतालाने डोळे उघडले आणि समोरच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाली, "तू घोरतोस."

मालिवन व्हरांड्यात जाऊन तोंड धुऊन आली.


रस्सा, पहिल्यापासून

घरी आल्यावर चंतालाने खुर्ची आंब्याखाली मागितली. पाय उलट्या बादलीवर. ती वर बघत बसली. आंब्याच्या फांदीत पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं लोंबत होतं, चांगलं भरलेलं.

"आंबट काहीतरी खावंसं वाटतं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने कशाचं तरी नाव घेतलं होतं. "मीठ नको म्हणाली ती. मुंग्या नको म्हणाली का?"

"ह्या वेळी विचारून घेते," मालिवन म्हणाली आणि तिने तिथूनच फोन लावला.

"मुंग्या?" सिस्टर हसली. "मुंग्या चालतील. त्यांची अंडी तर हवीतच, ताकद येईल. नीट शिजवून दे. आणि ऐक, जीभ सवयीची गुलाम असते, थोडे दिवस गेले की तिला बारीक चवी परत कळायला लागतात. पुडी मात्र—"

"पुडी कोंबड्यांना पण देत नाही आता."

एक लांब बांबू. टोकाला टोपली.

"डावीकडे. तुझं डावं, माझं नाही."

टोपलीने घरटं ढोसायचं, हलवायचं. भाताच्या दाण्यांसारखी पांढरी अंडी टोपलीत पडतात, आणि त्यांच्यामागोमाग मुंग्या बांबूवरून धावत खाली येतात.

"आई गं!"

"ओरडू नकोस, त्यांना कळतं घाबरलीस ते. मानेवर आहे एक. दुसरी पण आहे. अगं, नाचतेस काय, टोपली धर!"

टोपलीत तांदळाचं पीठ भुरभुरवायचं, मुंग्या पांढऱ्या होऊन निघून जातात. थोड्या ठेवायच्या. आंबटपणा त्यांचाच.

छोटे कांदे सालीसकट निखाऱ्यात, काळे होईपर्यंत. टोमॅटोही. लसूणही.

"जळतंय."

"जळू दे, आई. पुडीच्या जागी आता हेच."

कोंबडीची हाडं मंद आचेवर. गवती चहाचे ठेचलेले दांडे. साखानच्या वेलीच्या लाकडाचे तुकडे, जे चघळले की जीभ चुरचुरते आणि मग जागी होते. सुकी मिरची भाजून. शेवटी शेपू, ओंजळभर, आणि अंडी, आणि मुंग्या.

मालिवनने चव घेतली. काहीतरी कमी होतं, अर्थात. पण ती कमतरता जिथे होती तिथे आता धूर होता, आंबट होतं, आणि दाताखाली अंडी फुटत होती.

घरावरून जाणाऱ्या एका होडीवाल्याने पातेल्यातून न विचारता पळीभर घेतलं. "हे काय, मुंग्यांच्या अंघोळीचं पाणी?"

"तुझ्यासाठी नाही ते," मालिवन म्हणाली. "ठेव पळी."

चंतालाने वाटी दोन्ही हातांत घेतली. एक घोट घेतला. थांबली. मालिवन समोर उकिडवी बसून होती, आता काय ऐकावं लागणार म्हणून. डुकरं? मांजर? अंत्यविधी?

दुसरा घोट. मग चमच्याने अंडी. मग कोंबडी, जी ती एरवी चिवडून टाकायची, हाडापर्यंत. मग शेवया. वाटी उलटी झाली. चंतालाने ओठावरची एक मुंगी बोटाने टिपली आणि खाल्ली.

"शेवया कमी होत्या," म्हणाली, आणि वाटी पुढे केली.


तीन. दोन. दोन. तीन (जावयाने थायलंडहून पाठवलेली सुकी मासळी, सापडली, जप्त झाली). दोन.

"लागतो का बघ."

"एक बोट."

"कुठलं बोट?"

"करंगळी."

"करंगळीला बोट म्हणतात का? ओढ जरा."


नवीन वर्षाची सकाळ

सिन काळं, रेशमी, खाली चंतालाने स्वतः विणलेला सोनेरी काठ. मालिवनने घडी घातली. घडी पुरली. पट्टा फिरवला.

आकडा कडीत गेला. नुसता गेला नाही, कडीच्या पुढेही दोन कड्या उरल्या.

मालिवनचा हात तिथेच थांबला. पाणी उतरलं तेव्हा कळलं त्याखालची आई किती उरली होती ती. पट्टा कमरेच्या हाडांवर टेकला होता, आणि सिन एका बाजूने खाली सरकत होतं.

"काय झालं?" चंतालाने मान वळवली.

"मोठा होतोय."

"काय?"

"पट्टा मोठा होतोय तुला, आई."

चंतालाने खाली बघितलं. हाताने उरलेल्या कड्या चाचपल्या, एक, मग दुसरी. तिचे खांदे हलायला लागले. मालिवन घाबरली, आणि मग बघते तर आई हसत होती, आवाज न करता, पोट धरून, जे आता धरण्याइतकं होतं.

"इतके दिवस छोटा, आता मोठा! माझ्या आईच्या पट्ट्याचं काही खरं नाही. खोच आत. सेफ्टी पिन लाव. त्यावर शेला येतो, कोणाला दिसतंय? चल."

रस्त्यावर पोरं बादल्या घेऊन दबा धरून बसलेली. म्हातारीला बघून थांबली. "भिजवायचं का, आजी?"

"हळू," चंताला म्हणाली. "आणि फक्त खांद्यावर. पाणी मला पुरेसं झालंय, मी नुसती रीत म्हणून घेतेय."

विहाराच्या पायऱ्या ती मालिवनच्या हाताला धरून, थांबत थांबत चढली. वर थोंगसी बसलेली, दोन-चार बायकांबरोबर.

"आलीस!" थोंगसीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नजर पट्ट्यावर थांबली. "सोडलीस वाटतं."

"काय सोडलं?"

"तेच. पिणं."

"हो गं," चंताला म्हणाली. "तुझ्या हातचा रस्सा पिणं सोडलं. दोन चमचे पेंग नुआ असते त्यात. मरशील." आणि पुढे निघाली.

नागाच्या आकाराची लाकडी पन्हळ मूर्तीपर्यंत गेलेली. चंतालाने चाफ्याची फुलं टाकलेलं पाणी नागाच्या पाठीवर ओतलं. अर्धं पाणी पन्हळीबाहेर गेलं, अर्धं वाहत गेलं आणि बुद्धाच्या खांद्यावर उतरलं. तिने पुन्हा वाटी भरून घेतली. ह्या वेळी एक थेंब सांडला नाही. मालिवनने मग तिचे हात स्वतःच्या एका हातावर घेतले, त्यांच्यावर पाणी ओतलं आणि रितीप्रमाणे वर्षभरातल्या चुकांची माफी मागितली.

"कुठल्या चुका?"

"पुडी, आई."

"ती मला आवडली होती," चंताला म्हणाली. "दुसरं काहीतरी सांग."

भिक्षूंनी पठण सुरू केलं. सगळे बसले, पाय एका बाजूला दुमडून, हात जोडून. चंतालालाही तसं बसता आलं. मालिवनने ते बघितलं आणि मान खाली घातली. विहारात पाखराचाही आवाज नव्हता, नुसतं पठण.

आणि मग चंतालाच्या पोटातून आवाज आला.

लांब, गुरगुरणारा, निर्लज्ज. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. थोंगसीने वळून बघितलं. सगळ्यात धाकट्या भिक्षूचा सूर क्षणभर चुकला. महिनोन्‌महिने नुसत्या पाण्याने भरलेलं ते पोट, ज्यावर थाप मारली तर लाट उठायची, ते आता रिकामं होतं आणि तक्रार करत होतं.

"काय गं," चंताला कुजबुजली, पण तिची कुजबूज मागच्या रांगेपर्यंत गेली, "आज गाडी उघडणारेस ना?"

"सणाला बंद असते, आई."

"मग उघड." तिने जोडलेले हात न सोडता कोपराने पट्टा वर ढकलला. "भूक लागलीये मला."